परसातला आश्विन

ऋतू बदलल्याची वर्दी कोणी द्यायची, याचा निकाल पुण्यात फार पूर्वीच लागलेला आहे. शिवाजीनगरला हवामान खात्याची ती मनोऱ्याची इमारत आहे. हे खाते १९२८ साली सिमल्याहून इथे आले आणि पुणेकर अजूनही त्याला ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. मोसमी पाऊस परत फिरला की नाही, ते अशा ठिकाणी ठरते. २०२० साली या खात्याने पावसाच्या येण्याजाण्याच्या नेहमीच्या तारखाही नव्याने बांधून दिल्या. वायव्य राजस्थानातून पावसाने निघायचे ते पूर्वी १ सप्टेंबरला. आता ती तारीख १७ सप्टेंबर झाली. म्हणजे पाऊसही आपल्याकडच्या पाहुण्यांसारखा वागू लागला आहे. ‘निघतो, निघतो’ म्हणतो आणि चपला घालून झाल्यावर दारात आणखी पंधरा दिवस बोलत उभा राहतो.

खात्याबद्दल मला आदरच आहे. पण माझ्यापुरता शरद ऋतू काही त्या मनोऱ्यावरून उतरत नाही. तो आमच्या कोथरूडच्या घरामागच्या परसात, पाण्याच्या टाकीआडून, मांजराच्या पावलांनी येतो. इतर ऋतूंना भालदार-चोपदार असतात. ग्रीष्म डोक्यावर येऊन बसतो, वर्षा ढोल-ताशे वाजवीत येते, वसंताच्या पुढे कोकिळ ललकारी देत असतो. शरदाला यातले काही नाही. आपण आपल्या कामात असावे, आणि एके दिवशी दोरीवरचे कपडे दुपारच्या आत वाळलेले पाहून दचकावे, अशी त्याची रीत.

शाळेत असताना इंग्रजीच्या पुस्तकात मी ‘ऑटम’ हा शब्द प्रथम वाचला. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘शरद ऋतू’ असा दिला होता, आणि धड्यात मात्र झाडांची पाने लाल-पिवळी होऊन गळत होती. मी खिडकीबाहेर पाहिले. आश्विन चालू होता आणि आमच्या शाळेपुढचा वड, कडुलिंब, चिंच, सगळी मंडळी पावसाने न्हाऊन अगदी भरात उभी होती. पान म्हणून गळत नव्हते. आपल्याकडची पानगळ माघ-फाल्गुनातली. शब्दकोशकर्त्याने दोन ऋतूंचे लग्न लावून दिले खरे, पण पत्रिका काही जुळत नाही. त्यांचा ऋतू निरोपाचा, आपला ऋतू हाताशी आलेल्या पिकाचा. म्हणून तर वेदकाळच्या माणसांनी आयुष्य मागताना शंभर वसंत मागितले नाहीत, शंभर शरद मागितले. पाऊस पार पडला, नदीचे पाणी निवळले, दाणा भरला. एक वर्ष जगलो असे म्हणायला हरकत नाही, असा तो हिशेब असावा. मजा अशी, की याच शरदाला वैद्यांनी आपली आई म्हटले आहे. पावसाळ्यात साठलेले पित्त या उन्हात उसळते आणि घरोघर काढे उकळू लागतात. आयुष्य मागायचे तेही याच ऋतूचे आणि आजारी पडायचे तेही याच ऋतूत. एकूण आपल्या पूर्वजांना कशाची किंमत किती मोजायची, ते नीट कळत होते.

परस हा शब्द मी जरा मोठेपणानेच वापरला. आमचा परस म्हणजे चाळीस पावले लांब आणि पंधरा पावले रुंद अशी एक जमिनीची पट्टी. पुढे तीन मजल्यांची, बारा बिऱ्हाडांची सहकारी सोसायटी, मागे दगडी कुंपण, कुंपणापलीकडे दुसरी सोसायटी. आम्ही तळमजल्यावर, त्यामुळे पट्टी सगळ्यांची असली तरी तिची उस्तवार आमच्याकडे आली. १९८१ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा कुंपणाच्या जागी काटेरी तार होती आणि तारेपलीकडे ज्वारी. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम शेजारच्या हिंगण्याला नेला, तेव्हा हा सगळा मुलूख गावाबाहेरचा. अण्णा रोज पायी पुण्यात शिकवायला येत आणि पायी परत जात. आज त्या बाजूच्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे, आणि संध्याकाळच्या वेळी त्या रस्त्याने पायी जाणेच अजूनही शहाणपणाचे, कारण वाहने हलत नाहीत!

परसाची खरी मालकीण म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे आधीचे बिऱ्हाड शनिवार पेठेतल्या एका वाड्यात होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या पाण्यात वाड्याची एक बाजू बसली, भांडीकुंडी गेली. पाणी उतरल्यावर पाहतात तो गुडघाभर चिखलात अंगणातला पारिजातक तेवढा उभा! ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. वीस वर्षांनी कोथरूडला यायचे ठरले, तेव्हा त्या झाडाची चार बिया त्यांनी पदराच्या गाठीत बांधून आणल्या. तीन उगवल्या, दोन शेळ्यांनी खाल्ल्या आणि एक वाढली. तीच आज कुंपणावरून पलीकडे झुकली आहे.

भाद्रपद सरत आला, की मी सकाळी चहाचा कप घेऊन परसात एक फेरी मारते. बाग पाहायला मोठी दृष्टी लागते असे नाही. थोडा वेळ आणि जरा वाकण्याची तयारी पुरे. पहिली खूण म्हणजे जाळी. कढीलिंब आणि लिंबू यांच्या मधल्या वाटेवर रातोरात एक जाळे उभे राहते. त्याच्या मधोमध पांढऱ्या जाड धाग्यांची नागमोडी फुली असते आणि त्या फुलीवर कोळ्याची मादी आठ पाय दोन-दोन जुळवून बसलेली असते. लांबून पाहिले तर चारच पाय वाटावेत. ही फुली ती कशासाठी काढते, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. कोणी म्हणतात, तिच्या चकाकीने किडे भुलून येतात; कोणी म्हणतात, पक्ष्यांनी जाळ्यावर आदळू नये म्हणून ती पाटी लावलेली आहे. मला विचाराल तर, निरक्षर माणूस कागदावर फुली मारून आपली मालकी सांगतो, तशी ती ‘ही जागा माझी’ असे लिहून देते. परसाच्या सात-बाऱ्यावर तिचे नाव आमच्याही आधी लागायला हवे.

दुसरी खूण तेरड्याची. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण करणाऱ्याने तेरड्यावर अन्यायच केला आहे. रंग जातो हे खरे. पण त्यानंतरच तर तेरड्याचे खरे काम सुरू होते. गौरी उठून गेल्या की त्याच्या बोंडांकडे कोणी पाहत नाही. फुगलेल्या बोंडाला बोटाचा जरा धक्का द्या. फट्‌कन फुटते, कवचाच्या पाकळ्या आत वळतात आणि दाणे हातभर लांब उडतात. माझी नात चौथीत आहे. तिला हा शोध लागल्यापासून पुढच्या वर्षीचा तेरडा कुठे उगवणार, हे तिच्या बोटांनीच ठरवून टाकलेले असते. आघाडा याहून धूर्त. श्रावणात त्याला मंगळागौरीच्या पत्रीत मान. आश्विनात त्याच्या लांब दांडीवरचे दाणे खाली तोंड करून वाट पाहत असतात. आपण जवळून गेलो, की निऱ्यांना दहा-वीस चिकटलेच. पूर्वी मी ते काढून चुलीत टाकीत असे. आता कुंपणाकाठी झटकते. त्याने माझ्याकडून प्रवासाची अपेक्षा केली होती, तेवढा तर झाला!

लिंबाच्या कोवळ्या पानांवर याच सुमारास पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसते. ती पुसायला जाऊ नये. नीट पाहिले तर ती किंचित सरकते. ते फुलपाखराचे सुरवंट असते. पक्ष्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून पक्ष्यांच्याच घाणीचे सोंग घेऊन बसलेले! थोडे मोठे झाले की ते कात टाकून पानासारखे हिरवे होते. ज्या काळ्या, निळी झाक मारणाऱ्या मोठ्या फुलपाखराला २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य-फुलपाखरू म्हणून मान मिळाला, त्याचीही पिल्ले लिंबाच्याच गोतावळ्यातल्या झाडांवर वाढतात. एवढा राजमान्य प्राणी असा आरंभ करतो, हे कळल्यापासून मी माणसांच्या बालपणाबद्दलही घाईने मत देत नाही.

सगळेच पाहुणे असे गोड नसतात. पाऊस ओसरला की टाकीमागे गाजरगवत डोके वर काढते. या गवताचे आणि पुण्याचे नाते जुने आहे. देशात त्याची नोंद घेतली गेली ती पुण्यातल्याच रोपांवरून. वनस्पतिशास्त्रज्ञ रोला शेषगिरी राव यांनी ती १९५६ साली प्रसिद्ध केली. त्याच्या आधी काही वर्षे ते इथल्या उकिरड्यांवर तुरळक दिसू लागले होते. तिथून निघून त्याने सारा देश व्यापला. अंगाला लागले तर खाज, परागांनी शिंका आणि दमा. मी हातमोजे घालून ते फुलायच्या आत उपटते. एकदा फुलले की एकेका झाडाचे हजारो दाणे होतात. पण उपटताना दरवर्षी एक विचार मनात येतो. हे गवत अमेरिका खंडातले. आणि दसऱ्याला ज्याचे तोरण आपण दाराला बांधतो, ज्याच्यावाचून आपले कोणतेही मंगल कार्य अडते, तो झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा. दोघेही समुद्रापलीकडून आलेले. एकाला आपण देवाच्या गळ्यात घातले, दुसऱ्याला मुळासकट काढतो. कोण कुठून आला यापेक्षा आल्यावर शेजाऱ्यांना जगू देतो की नाही, हेच बागेत शेवटी पाहिले जाते.

आता शेवंतीची हकीकत सांगते. कुंड्यांतली शेवंती मी दोन रांगांत ठेवते. एक रांग मागच्या फाटकापाशी, दुसरी टाकीच्या आडोशाला. तीनेक वर्षांपूर्वी सोसायटीत एक सायकल चोरीला गेली आणि फाटकावर एक भलामोठा एलईडी दिवा आला. रात्रभर परसात पिठूर चांदणे! त्या वर्षी टाकीआडची शेवंती कळ्यांनी लगडली आणि फाटकाजवळची नुसतीच पानांनी माजली. माती तीच, खत तेच, रोपे एकाच आईची. मी फाटकाकडच्या दोन कुंड्या उचलून टाकीआड नेल्या, आणि थोड्याच आठवड्यांत त्यांच्या शेंड्यांना कळ्या धरल्या.

शेवंती फुलते ती थंडीने नव्हे, रात्र लांबली म्हणून. पुण्यात जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांचा असतो. तो उतरत उतरत डिसेंबरात अकरा तासांवर येतो. ही उतरण शेवंतीची पाने मोजत असतात. सलग अंधार पुरेसा लांब झाला की मगच तिच्या शेंड्याला कळी धरते. मध्येच दिवा लावला, की तिचा हिशेब मोडतो आणि उन्हाळा आहे असे समजून ती पानेच काढत राहते. गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून १९२० साली हे सूत्र मांडले. फुलांचे शेतकरी आता त्याचाच उपयोग करून, शेतात दिवे लावून, शेवंतीला हव्या त्या मुहूर्तापर्यंत थोपवून धरतात. म्हणजे आपण आजवर फुलाला ऊन लागते एवढेच शिकलो. त्याला काळोखही लागतो, हे कोणी सांगितले नव्हते.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मी हा विषय नेला. ते भले गृहस्थ. म्हणाले, “वहिनी, तुमच्या शेवंतीसाठी चोरांना आमंत्रण द्यायचे का?” मी म्हटले, “दिवा विझवू नका. त्याला फक्त टोपी घाला. उजेड फाटकावर पडू दे, झाडांवर नको.” डब्याच्या पत्र्याची टोपी झाली. सायकली आहेत तिथे आहेत आणि शेवंती पुन्हा वेळेवर फुलते. त्या वेळी मला डॉ. हेमा साने यांची आठवण झाली. इथेच कर्वे रस्त्यावरच्या गरवारे महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, झाडांवर पुस्तके लिहिली आणि बुधवार पेठेतल्या आपल्या जुन्या घरात त्या आयुष्यभर विजेवाचून राहिल्या. लोकांना त्याचे नवल वाटे. शेवंतीला वाटले नसते.

रात्र लांबते तशी पारिजातकालाही कळते. त्याची फुले काळोखात उमलतात, रात्री पतंग येऊन आपले काम करून जातात आणि उजाडायच्या सुमारास फूल देठासकट अलगद सुटते. लिनियसने १७५३ साली या झाडाला नाव दिले त्याचा अर्थ ‘रात्री फुलणारे दुःखी झाड’ असा होतो. सूर्य उगवताच सगळे अश्रूंसारखे गाळून टाकते, म्हणून दुःखी! आपल्याकडे तेच झाड स्वर्गातून आणलेले. खाली पडलेले फूल देवाला चालत नाही, हा नियम. पण पारिजातकापुढे तो नियमही वाकतो. फुलाचा केशरी देठ वाळवून पूर्वी कापड रंगवीत, आणि त्याची खरखरीत पाने लाकूड घासायला चालत. ज्वरावर त्याच पानांचा कडू काढा. सासूबाई म्हणत, “झाड एक, पण त्याच्यात पूजाघर, रंगारी, सुतार आणि वैद्य असे चारही राहतात.”

पारिजातक सत्यभामेच्या अंगणात लावला आणि फुले रुक्मिणीच्या अंगणात पडली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आमचे झाड तसेच कुंपणावर झुकलेले. निम्मी फुले पलीकडच्या सोसायटीत. तिथल्या एक आजी रोज पहाटे ती वेचून नेतात. आमची दोघींची ओळख त्या फुलांवरून झाली. एक दिवस त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, “अहो, तुमचं झाड आणि फुलं आम्ही नेतो. राग नाही ना येत?” मी म्हटले, “अहो, झाडाला विचारूनच तुम्ही नेता. ते स्वतः टाकतंय.” तेव्हापासून कोजागरीला त्यांच्याकडून मसाला-दुधाचा पेला कुंपणावरून इकडे येतो.

हे सगळे मी यंदा जरा जास्तच बारकाईने पाहिले. कारण हा या परसाचा शेवटचा आश्विन.

गेल्या मार्गशीर्षात सोसायटीची सभा झाली आणि इमारतीच्या पुनर्विकासाचा ठराव संमत झाला. दिवाळी झाली की घरे रिकामी करायची. जुनी तीन मजली इमारत जाऊन बारा मजली येणार. तळाशी दोन थरांचे वाहनतळ, आणि ते कुंपणापासून कुंपणापर्यंत. कोथरूडमध्ये आज गल्लोगल्ली हेच चालले आहे, त्यात आमचे वेगळे काही नाही. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला, हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गेली दोन वर्षे जिन्यामुळे खाली उतरलेल्या नाहीत. आमच्या स्वयंपाकघराच्या छताला पावसाळ्यात ओल येते ती थेट पोळपाटापर्यंत. लिफ्ट हवी, पक्के छत हवे. हा काही हव्यास नव्हे. झाडांसाठी माणसांनी जिन्यात अडकून राहावे, असे मला म्हणता येणार नाही. पण माणसांसाठी झाडे जातात, तेव्हा त्यांची निदान नीट नोंद तरी व्हावी, एवढे वाटते.

झाडांचा कायदा आपल्याकडे १९७५ सालापासून आहे. शहरातले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडाला वारसा-वृक्ष मानायचे, आणि झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची. आमचा पारिजातक पंचेचाळिशीतला. वारसा ठरायला थोडी वर्षे कमी पडली. नोकरीत बढतीच्या आधीच निवृत्त व्हावे, तसे त्याचे झाले. पण दुसरा भाग मला फार आवडला. झाडाचे वय पंचेचाळीस म्हणून पंचेचाळीस झाडे! ज्याने ही कलमे लिहिली त्याच्या मनात नसेल, पण आयुष्य शरदांनी मोजणाऱ्या त्या जुन्या लोकांचाच हा हिशेब झाला. एका शरदाला एक झाड.

बिल्डर आपली झाडे कुठे लावायची तिथे लावील. आम्ही आमची सुरुवात माघातच केली. पारिजातकाचे फळ नाण्यासारखे चपटे असते, आत दोन कप्पे आणि प्रत्येकात एक बी. नातीने आणि मी वाळलेली फळे वेचून ठेवली. ज्येष्ठात, पहिल्या पावसाबरोबर, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पन्नास बिया लावल्या. एकतीस उगवल्या. आज ती रोपे वीतभर झाली आहेत आणि जिन्याखाली ओळीने उभी आहेत. बारा बिऱ्हाडांना बारा; भाड्याच्या घरात गेल्यावर प्रत्येकाने आपापल्या गॅलरीत ते जगवायचे आणि परत येताना घेऊन यायचे. गच्चीवर मातीचे वाफे करायचे, हे करारात लिहून घेतले आहे. पलीकडच्या आजींना एक दिले. ते त्यांनी कुंपणाला अगदी लागून लावले. उरलेली रोपे नातीच्या शाळेला.

घटस्थापनेच्या आधी, नेहमीप्रमाणे, सोसायटीतल्या सगळ्या घरांतून घटासाठी माती न्यायला माणसे परसात आली. एरवी दोन मुठी न्यायची रीत. यंदा प्रत्येकाने बादलीभर नेली. कोणी कोणाला काही बोलले नाही. घट उठल्यावर ती माती कुंड्यांत गेली असणार.

आवराआवर करताना माळ्यावर सासूबाईंच्या वाणसामानाच्या वह्या सापडल्या. १९८१ पासून त्या जाईपर्यंतच्या, सव्वीस वह्या. तूरडाळ, गूळ, रॉकेल यांच्या भावांमधून, समासात, बारीक अक्षरांत काही ओळी होत्या. ‘आज पहिले फूल.’ ‘सीताफळाला डोळे आले.’ आणि जवळजवळ प्रत्येक वर्षी एक ओळ : ‘धोबी आला.’ मला क्षणभर कळेना, की धोब्याच्या येण्याची एवढी नोंद कशाला? मग त्या ओळीपुढची शेपटीची छोटीशी रेघ दिसली. धोबी म्हणजे तो पक्षी. करड्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा, सतत शेपटी खालीवर आपटणारा. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे असतो, आणि पावसाळा संपता संपता आपल्याकडे उतरतो. आमच्या टाकीच्या गळक्या नळाखाली जो ओलावा असतो, तिथे तो येतो. सव्वीस वर्षांत त्याचे येणे सप्टेंबरच्या पहिल्या आणि चौथ्या आठवड्याच्या मध्येच. एका वर्षी ओळ नव्हती. ते साल पाहिले. त्या वर्षी सप्टेंबरात मामंजी गेले होते. तरी ऑक्टोबरच्या पानावर उशिरा लिहिलेले सापडले : ‘धोबी आहे. केव्हा आला पाहिले नाही.’

या ओळीवर मी बराच वेळ थांबले. घरावर एवढा प्रसंग, आणि त्यातून मान वर करून या बाईने टाकीकडे पाहिले होते. दुःख हलके झाले असे त्यात लिहिलेले नाही. तो आहे, एवढेच लिहिले आहे. हजारो कोस ओलांडून आलेला एक पक्षी आपल्या गळक्या नळापाशी आहे, हेही एक प्रकारचे सांत्वन असावे.

आता ही वही नातीकडे गेली आहे. तिला वाणसामानाचे भाव लिहायचे नाहीत, म्हणून पाने समासासकट मोकळीच आहेत. यंदाच्या तिच्या नोंदींत कोळ्याच्या जाळ्याचे चित्र आहे, शेवंतीच्या कळ्यांची संख्या आहे, आणि १४ सप्टेंबरच्या पुढे ‘धोबी आला’ असून शेपटीची रेघ पणजीपेक्षा बरीच लांब आहे. “आजी,” तिने मला विचारले, “पुढच्या वर्षी टाकी नसेल. मग तो कुठे येईल?” मी म्हटले, “ते त्याने ठरवायचे. आपण आपल्या नव्या गॅलरीतून बघत राहायचे.” तिने विचार केला आणि म्हणाली, “मग गॅलरीतला एक नळ थोडा गळका ठेवू या.”

नरकचतुर्दशीला चार वाजता उठायचे ठरले आहे. अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याने चिरांटे फोडायचे आणि मग थेट गच्चीवर. आश्विनाच्या त्या पहाटे दक्षिणेकडे, क्षितिजापासून जरासाच वर, अगस्त्याचा तारा दिसतो. त्याच्या उदयाने पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते, असे आपले जुने लोक मानीत; कालिदासानेही रघुवंशात शरदाचे वर्णन करताना ही समजूत नोंदली आहे. समोरच्या इमारतींच्या मधल्या फटीतून तो आम्हाला एवढासा दिसतो, पण दिसतो. तो पाहून झाला की खाली यायचे. फराळाचे ताट वाढायच्या आधी दोन टोपल्या घेऊन परसात जायचे, एक आमची आणि एक कुंपणापलीकडची. फुले तोवर पडू लागलेली असतील.